डुकराने झाडलेली बंदूक

आमच्या आप्पांचा डावा पाय गुडघ्याच्या वर चार बोटं कापून टाकला.

हे वाक्य चुकून आधी पडलं. तुम्ही ते वाचलंच नाही असं धरून चालू. आप्पांना दोन पाय आहेत, दोन्ही पायांत चपला आहेत, शिमगा होऊन आठ दिवस झालेत, आणि सकाळच्या उन्हात आम्ही दहा जण, तीन कुत्रे आणि एक बंदूक घेऊन वाडीमागच्या रानात डुकराच्या मागे निघालोय. सगळं झकास चाललंय.

बंदूक आप्पांची. ठासणीची, आजोबांच्या वेळची. तिचा शेती संरक्षणाचा परवाना आप्पांच्या नावावर आहे. शेती संरक्षण म्हणजे बार उडवून डुकराला घाबरवायचं. मारायला बंदी आहे. ही बंदी डुकरालाही माहीत असावी, कारण ते घाबरत नाही. भाताच्या दिवसांत ते शेतात येतं, आरामात जेवतं, बार ऐकतं आणि दुसऱ्या खाचरात जाऊन बसतं. म्हणून शिमग्यानंतर एकदा आमची वाडी पारधीला जाते. कागदावर आम्ही तेव्हा जळणाला गेलेलो असतो.

पारधीचा आमचा एक कायदा आहे. जनावर पडलं की ‘मी मारलं’ असं कोणी म्हणायचं नाही. ‘लागलं’ म्हणायचं. निघताना सदूभाऊ देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, त्यातच हे येतं, की बार कोणाच्याही हातचा असो, तो सगळ्यांचा. म्हणून मटणाचे वाटे सारखे पडतात. कुत्र्यालासुद्धा अर्धा वाटा मिळतो, तो त्याचा मालक खातो. बंदूक कोणाच्या हातात होती हे आमच्यात कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

माझ्या हातात होती.

मी रितेश, आप्पांचा पुतण्या. जयगडच्या बंदरात कंत्राटावर लागलोय. गेटवर उभं राहून ट्रक मोजतो. आत गेलेले आणि बाहेर आलेले ट्रक सारखे निघाले की माझा दिवस चांगला गेला. शिमग्याची रजा टाकून घरी आलो होतो. त्या सकाळी आप्पांचा खांदा दुखत होता, म्हणून त्यांनी बंदूक माझ्याकडे दिली. म्हणाले, “धर. नुसती धर.” मी नुसती धरली होती.

नऊला पाच मिनिटं कमी असतील. खालच्या अंगाने पोरांनी रान उठवलं, कुत्रे ओरडायला लागले, आणि माझ्यापासून वीस पावलांवर करवंदीची जाळी हलली. काळं काहीतरी वाकलेलं दिसलं. सदूभाऊ मागून ओरडला, “आला रे!” आणि बार उडाला.

जाळीमागे आप्पा होते. तळव्यात काटा गेला म्हणून डावी चप्पल काढून, वाकून, ते काटा उपटत बसले होते. काटा निघाला. तेवढं काम झालं.

डुक्कर आमच्या उजव्या हाताला, दगडी गडग्यावर उभं होतं. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ते चालत निघून गेलं. धावलंसुद्धा नाही.

आप्पांच्या गुडघ्यामागे आणि पोटरीत बारीक बारीक भोकं पडली होती. रक्त फार नव्हतं. आप्पा पहिलं वाक्य बोलले ते हे, “बंदूक पुसून ठेव, गंजेल.”

मग सगळे बसले आणि विचार केला. आमच्या वाडीने विचार केला की नुकसान होतं हा माझा जुना अनुभव आहे, पण त्या वेळी मी बोलायच्या स्थितीत नव्हतो.

“बार लागला म्हणून सांगितलं तर पोलीस येणार,” सदूभाऊ म्हणाला. तो आमच्या पारधीचा म्होरक्या. वय पासष्ट, आवाज पंचवीसचा. “पोलीस आले तर परवाना जाणार, बंदूक जाणार, डुकरामागे गेलो म्हणून वनखातं येणार. दहाच्या दहा आत.”

“मग काय सांगायचं?” निलेशने विचारलं. तीनपैकी दोन कुत्रे निलेशचे.

“डुकराने मारलं म्हणून सांगायचं. खोटं कुठे हाय? डुकरामुळेच झालंय.” मग सदूभाऊला आणखी सुचलं. त्याला सुचायला लागलं की थांबत नाही. “डुकराने मारलं की सरकार वर भरपाई देतं. गेल्या साली पलीकडच्या वाडीतल्या बाईला दिली.”

डुकराने मारल्यासारखं दिसावं म्हणून जखमेला लोळणीतला चिखल लावला. डुक्कर ज्यात लोळतं तो चिखल. म्हणजे वास बरोबर येईल. हे मी आज लिहितोय तेव्हा मलाही वाचवत नाहीये, पण त्या दिवशी दहा शहाण्या माणसांनी माना डोलावल्या होत्या. त्यांत आप्पाही होते.

सदूभाऊच्या टेंपोतून आप्पांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने चिखल धुतला आणि भोकं मोजली.

“डुकराने चावा घेतला की सुळा मारला?”

“दोन्ही,” सदूभाऊ म्हणाला.

“डुकराला सुळे दोन असतात.”

“हा परत परत आला, डॉक्टर.”

डॉक्टरने आमच्याकडे असं बघितलं, जसं आम्ही गडग्यावरच्या डुकराकडे बघितलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कुत्रा चावल्यावर देतात त्या इंजेक्शनाचा पहिला डोस दिला, आणि कागदावर लिहिलं, ‘नातेवाइकांच्या सांगण्यावरून’. मग स्वच्छ शब्दांत सांगितलं, “आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्या. एक्स-रे काढा. पाय गार लागतोय.”

आम्ही हो म्हणालो. बाहेर येऊन टेंपोत बसलो. तोवर सदूभाऊने वनखात्यात फोन लावला होता, आणि वनरक्षक म्हणाला होता की उद्या सकाळी पंचनाम्याला येतो, जखमी माणूस जागेवर हजर ठेवा.

रत्नागिरीला न्यायचं की पंचनाम्याला ठेवायचं? पालीच्या नाक्यावर टेंपो उभा करून पाच मिनिटं चर्चा झाली. आप्पा म्हणाले, “एवढा माणूस येतोय तर थांबू. पाय काय, उद्या पण गारच असेल.”

ते विनोद करत होते. आमच्या घराण्यात तो रोग आहे. सगळे हसले आणि टेंपो घरी वळला. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय नुसता गार नव्हता, त्याचा रंग बदलला होता. आप्पांच्या बायकोने, आमच्या कमळाकाकीने, विटा तापवून शेक दिला. “लागतंय काय?” ती विचारायची. आप्पा म्हणायचे, “चांगलं वाटतंय, काय्येक लागत नाय.” काय्येक लागत नाही हीच बातमी वाईट होती, हे आम्हाला नंतर कळलं. वनरक्षक अकराला आला. भला माणूस. त्याने पट्टीने डुकराच्या खुराचे ठसे मोजले, आप्पांना खुर्चीवर बसवून जाळीपाशी नेलं, फोटो काढला आणि विचारलं, “जनावर कुठल्या दिशेने आलं?”

सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. त्याने लिहिलं, ‘कळपाने आले.’

रत्नागिरीच्या इस्पितळात पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

तिथे आप्पा ज्यांच्या वाट्याला आले त्या डॉक्टरचं नाव निशिगंधा. सर्जरी शिकत होत्या आणि करतही होत्या. डोळ्यांखाली काळं, केसांत पेन. पेन केसांत आहे हे विसरून त्या पेन शोधत होत्या. पडद्यावर आप्पांचा पाय आला. हाडाच्या आजूबाजूला पांढरे गोल ठिपके, तांदळात खडे दिसावेत तसे.

“हे काय आहे?”

सदूभाऊ वाकून बघत म्हणाला, “दात असतील. तुटून आत राहिले.”

“गोल?”

“म्हातारं व्हतं डुक्कर. झिजले असतील.”

“अकरा?”

सदूभाऊने पडद्यावर बोट ठेवून मोजले. “म्हातारं व्हतं, पण दात टिकवून व्हतं.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांच्या पावलावर हात ठेवला, घोट्यामागे बोट दाबून डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग डोळे उघडून माझ्याकडे वळल्या. कोणाकडे वळायचं हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

“हे बघा. पोलिसांना मी कळवणारच आहे, ते मला करावंच लागतं. आता विचारतेय ते पोलिसांसाठी नाही, पायासाठी. किती वाजता लागलं?”

“काल सकाळी. नऊला पाच कमी.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोटांवर मोजलं. “एकतीस तास.” मग खूप हळू म्हणाल्या, “पाच-सहा तासांत आणलं असतं ना.” वाक्य तिथेच सोडलं. पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं. न ऐकलेलं मी रोज ऐकतोय.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी एका छर्र्याने फोडली होती. ती जोडली, पाच छर्रे काढले, बाकीचे सहा खोल होते म्हणून राहू दिले. मोठे सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “जोडलंय. पण फार उशीर झालाय. चार-पाच दिवस बघू, पाय काय म्हणतोय.”

मग आम्ही चार-पाच दिवस, पाय काय म्हणतोय ते ऐकत बसलो.

बसण्याचेही वाटे पडले. बार सगळ्यांचा, तर बसणंही सगळ्यांचं. सदूभाऊने पाळ्या लावल्या. कुत्र्यांचा अर्धा अर्धा वाटा धरून निलेशवर दुप्पट बसणं आलं, त्यावरून इस्पितळाच्या व्हरांड्यात वाद झाला. “खायला अर्धा वाटा घेताना बरं गोड लागलं?” सदूभाऊ म्हणाला. निलेश म्हणाला, “कुत्र्यांना आणून बसवतो. त्यांचा वाटा ते बसतील.” वॉर्डातल्या सिस्टरने दोघांनाही बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांचा वाटा मी बसलो. मला कुठे जायचं होतं? बंदरातून फोन आला होता की गेटवर दुसरा माणूस लावलाय, तो माझ्यापेक्षा बरा मोजतो.

हवालदार आले. त्यांनी वही उघडली आणि सरळ विचारलं, “बंदूक कोणाच्या हातात होती?”

“सगळ्यांच्या,” सदूभाऊ म्हणाला.

“बंदूक एक आणि माणसं नऊ?”

“आमच्यात तसंच हाय, साहेब.”

“नवांनी मिळून एक घोडा ओढला?”

मी उभा राहिलो. वाक्य तयार होतं. “साहेब, मी उडवला.”

“त्याच्याकडे लक्ष देऊ नका,” सदूभाऊ म्हणाला. “पोर चार दिवस झोपलेला नाय. तो सगळ्यांच्या वतीने बोलतोय.”

मागून निलेश म्हणाला, “मी पण उडवला.” मग आणखी दोघे म्हणाले. ज्यांना बंदूक कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नाही तेही म्हणाले. हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. त्यांची बदली तोंडावर आली होती, आणि नऊ आरोपी, एक घोडा, हे लिहायला त्यांच्याकडे तेवढी पानं नव्हती. त्यांनी आप्पांना विचारलं, “तुमची कोणावर तक्रार आहे?”

आप्पा छताकडे बघत म्हणाले, “पंखा हलत नाय, एवढीच.”

‘झटापटीत बार उडाला’ असं काहीतरी लिहून ते गेले. बंदूक आणि पाच छर्रे सील करून नेले.

दरम्यान दर ठरलेल्या तारखेला एक सिस्टर ते कुत्र्याचं इंजेक्शन द्यायला येत होत्या, कारण आप्पांच्या नावावर दवाखान्यातून तो कागदही आला होता. निशिगंधा मॅडम म्हणाल्या, याची आता गरज नाही. आप्पा म्हणाले, “सुरू केलंय तर पुरं करा. उद्या डुकराला कळलं तर खोटं पडायला नको.” आणि दंड पुढे केला.

चौथ्या दिवशी दुपारी मॅडम हातात जाड कागद घेऊन आल्या. ड्यूटी संपलेली होती. खुर्ची ओढून बसल्या तेव्हा मला वाटलं पायाचं काही सांगायला आल्यात. पण तसं नव्हतं.

“माझा एक अभ्यास आहे. सरकारी इस्पितळात बंदुकीच्या जखमेवर खर्च किती येतो, याचा. तुमची हरकत नसेल तर प्रश्न विचारते. एकूण एक्केचाळीस आहेत.”

“विचारा,” आप्पा म्हणाले. “मी कुठे चाललोय?”

“मला तीस रुग्ण हवेत. तुम्ही पाचवे.”

“किती दिवसांत पाच?” मी विचारलं.

“दीड वर्षात.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता शीण होता. “रत्नागिरीत कोणी कोणाला गोळी घालत नाही. विषय निवडताना हे लक्षात आलं नाही.”

सदूभाऊला वाईट वाटलं. “पुढच्या शिमग्याला बगूया, मॅडम.”

त्या पहिल्यांदा हसल्या. लगेच थांबल्याही.

प्रश्न सुरू झाले. इथे यायला वाहन कोणतं? टेंपो. टेंपोत आणखी काय होतं? रिकामे क्रेट. काम किती दिवस बुडालं? आप्पांचं, काकीचं, माझं, नवांचं, असं विचारत त्या लिहीत गेल्या. घरी जनावरं कोण बघतं? शेजारची. मग शेजारचीचं काय बुडालं? हे कोणाला माहीत नव्हतं, तो रकाना रिकामा राहिला. बाहेरून काय आणावं लागलं? काही नाही, सगळं इथेच मिळालं, एक पैसा द्यावा लागला नाही, हे आप्पांनी दोनदा सांगितलं. मग मॅडमनी त्यांचा वेगळा तक्ता काढला. ऑपरेशनची खोली, रक्ताच्या पिशव्या, खाट, औषधं, मोठ्या सर्जनचे तास, स्वतःचे तास. स्वतःचे तास लिहिताना त्यांनी खाडाखोड करून कमी केले.

“सरकारचा तुमच्यावर आजपर्यंत अंदाजे एक लाख तीस हजार खर्च झालाय.”

आप्पा उठून बसायला लागले. काकीने दाबून धरलं.

“माझ्यावर?”

“हो.”

“एवढ्यात वाडीला पाण्याची टाकी झाली असती.” त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. “सदू, वाडीत बोलू नको हां हे. लोक म्हणतील, आप्पाने टाकी पायात घातली.”

अडतिसावा प्रश्न होता, ‘टाळता आला असता असा उशीर, तासांत’.

पेन थांबलं. सदूभाऊ चप्पल घालायला लागला, चप्पल पायातच होती. मॅडमना आकडा माहीत होता, त्यांनीच मोजला होता. पण नियम असा की तो आमच्या तोंडून यायला हवा.

“तीन लिहा,” आप्पा म्हणाले.

“आप्पा.”

“तीन. टेंपोचं चाक पंक्चर झालं व्हतं.”

“पंक्चर झालं नव्हतं, मॅडम,” मी म्हणालो. “एकतीस तास. त्यातले पंचवीस टाळता आले असते. पालीच्या नाक्यावर आम्ही पाच मिनिटं उभे होतो. तिथून रत्नागिरी सरळ रस्ता आहे.”

मॅडमनी पंचवीस लिहिलं. पुढच्या ओळीत त्याचा खर्च लिहायचा होता. त्या रकान्यात त्यांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पडला, मग म्हणाल्या, “हे मी नंतर काढते.”

एक्केचाळीस प्रश्न संपले. बंदूक कोणाच्या हातात होती, हा त्यांत नव्हता. मी शेवटच्या पानापर्यंत वाट बघत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी मोठे सर्जन आले, पायावरचं पांघरूण काढलं, मॅडमकडे बघितलं. पाय काय म्हणतोय ते मलाही आता वासावरून कळत होतं. मी सुरुवातीला जे वाक्य लिहिलं नव्हतं, ते आता लिहिणं भाग आहे. पाय ठेवला तर माणूस जाईल, असं ते म्हणाले. आजच काढायला हवा.

काकीने आप्पांच्या त्या पावलावरची चादर नीट केली, जशी झोपलेल्या पोरावर करतात.

संमतीचा कागद आला. आप्पांनी सही केली. खाली नातेवाइकाची हवी होती. सदूभाऊ पुढे आला, खिशातून स्वतःचं पेन काढलं, आणि सगळ्यांना म्हणाला, “चला रे. नवांच्या करा. बार सगळ्यांचा.”

“एकच लागते,” मॅडम म्हणाल्या.

“आमच्यात तसं नाय—”

“सदू,” आप्पा म्हणाले. “सगळ्यांची नको.” आणि माझ्याकडे बघितलं. त्या जाळीपासून इथपर्यंत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. रागाने नाही, प्रेमाने नाही. परीक्षेत एकच प्रश्न सोडवायचा असतो तसं. “ह्याची घ्या.”

आमच्या वाडीच्या पारधीत हे पहिल्यांदाच घडत होतं. सदूभाऊने पेन खिशात ठेवलं, परत काढलं, आणि माझ्या हातात दिलं.

मी सही केली. खाली ‘नाते’ असा रकाना होता. त्यात ‘पुतण्या’ लिहिलं. रकान्यात आणखी बरीच जागा होती.

त्यानंतरचे सोळा दिवस सांगण्यासारखे नाहीत. वॉर्डात माणसं आली, बरी होऊन गेली, एक-दोन दुसऱ्या दाराने गेली. मी आप्पांना उचलून बसवायला शिकलो. आप्पा नसलेल्या पायाला खाज येते म्हणून तक्रार करायचे. “खाजव की,” म्हणायचे. मी गादी खाजवायचो. “जरा डावीकडे.” मी डावीकडे खाजवायचो. “हां,” म्हणायचे. “आता बरं.” एकदा मॅडमनी हे बघितलं, आल्या पावली परत गेल्या.

घरी सोडायचा दिवस ठरला तेव्हा काकीने एकच विचारलं, “पाय कुठे हाय त्यांचा?” गावाला न्यायचा म्हणाली. भटजींना फोन करून विचारलं होतं. भटजी म्हणाले होते, एवढ्याचा विधी मला माहीत नाही, पण घेऊन या, काहीतरी करू.

मी चौकशीला गेलो. पायात सहा छर्रे राहिले होते. छर्रे म्हणजे पुरावा. म्हणून पाय सील करून शीतगृहात ठेवलेला होता, पोलिसांसाठी. पोलीस म्हणत होते, छर्रे द्या, पाय आम्ही कुठे ठेवू? तिथला माणूस म्हणत होता, छर्रे पायात आहेत, वेगळे काढायचा हुकूम नाही. तीन खिडक्या फिरलो. तिसऱ्या खिडकीतल्या बाई खरंच दमलेल्या होत्या. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “बाळा, हे कोणाच्या हातात आहे ते मलाही सांगता येणार नाही. तू अर्ज दे. अर्ज मी घेते.”

वॉर्डात परत येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी उशी पाठीमागे नीट करून घेतली.

“कागद हाय?”

मॅडमच्या अभ्यासाचं एक पान खाटेखाली राहिलं होतं, ते पाठीमागून कोरं होतं.

“लिही,” आप्पा म्हणाले. “सांगतो तसं लिही. मध्ये तुझा शहाणपणा नको.”

मी लिहिलं. शेवटच्या ओळींपाशी मी थांबलो, तर म्हणाले, “अर्जच द्यायचाय ना? मग पुरता देऊ.” तो असा:

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
जे कोणी असतील ते.

विषय : पाय परत मिळणेबाबत.

महोदय,

मी, अनंत सोनू गोताड, वय ५८, धंदा शेती, अर्ज करतो की माझा डावा पाय आपल्या ताब्यात असून त्यात सहा छर्रे आहेत. छर्र्यांवर माझा हक्क नाही, ते आपण ठेवून घ्यावेत. माझे उपचार आपल्या इस्पितळात चांगले झाले, सरकारचा फार खर्च झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. पंखा अद्याप हलत नाही. मृग लागल्यावर लावणी असून चिखलात दोन पाय लागतात. तरी सदर पाय पूर्वी होता त्याच जागी, पूर्वी होता तसा, मृगाच्या आत लावून मिळावा. तसेच शिमग्यानंतर आठव्या दिवशी सकाळी नऊला पाच मिनिटे कमी असताना आमच्या घरातील एका मुलाच्या हातून जो बार उडाला, तो उडालाच नाही असे समजून रद्द करण्यात यावा, व तसे त्या मुलास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.